त्या बाया चालल्या कुठं

मुलीकडे इटलीला जायचं ठरलं तेव्हा घरातल्या प्रत्येकानं काही ना काही आणायला सांगितलं. वहिनीनं पर्स सांगितली, भावानं दाढीचं सामान, आणि समोरच्या भाभींनी, ज्या एरवी गेटपाशी दिसल्या तरी मान वळवतात, त्यांनी फ्रिजवर चिकटवायचं चुंबक. आईनं काहीच सांगितलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी रायपूरमधेच, शंकर नगरहून गुढियारीला, तिच्या पाया पडायला गेले, तेव्हा माझा हात धरून ती एवढंच म्हणाली, "त्या बाया कुठं चालल्या, तेवढं पाहून येजो व."

त्या बाया म्हणजे आईच्या देवघरातल्या. गजानन महाराजांच्या आणि लक्ष्मीच्या मधे त्या टांगलेल्या असतात, पाचजणी, एका रांगेत, सोन्याच्या भिंतीपुढून चाललेल्या. त्या तिथे कशा आल्या ते सांगितलं पाहिजे, नाहीतर कोणाला वाटायचं आम्ही धर्म बदलला.

माझा भाऊ तेव्हा सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात फिटर होता. तिथल्या भट्टीचे काही भाग इटलीहून यायचे, आणि ते विकणारी कंपनी दरवर्षी साहेबलोकांना जाड गुळगुळीत कागदाचं कॅलेंडर पाठवायची. एका वर्षी साहेबाला दोन आली, त्यातलं एक भावाच्या हाती लागलं. कॅलेंडर म्हणून त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्यात ना एकादशी, ना चतुर्थी, ना पोळा. आई त्यावर दुधाचे खाडे मांडायची, तेवढंच. पण त्याच्या एका पानावर या बाया होत्या. वर्ष संपल्यावर आईनं ते पान कात्रीनं कापून घेतलं आणि गुढियारीच्या बाजारातून काच-फ्रेम करून आणलं. आमच्याकडे चांगलं चित्र रद्दीत जात नाही. चित्र कोणाचं, हा प्रश्न नंतरचा.

तो प्रश्न बाबांनी विचारला. बाबा रेल्वेत मालबाबू होते, प्रत्येक गोष्ट कुठून आली नि कुठं चालली हे पाहायची त्यांना जन्मभराची सवय. ते म्हणाले, "अवं, फिरंगी बाया हायेत त्या. देवघरात काहून लावून राहिली?" आई म्हणाली, "असतीन फिरंगी. पण चांगल्या घरच्या दिसतात."

तिचं म्हणणं असं होतं की या सवाष्णी आहेत. डोक्यावरून पांढरी ओढणी, अंगावर जरीचं भारी वस्त्र, गळ्यात आणि केसांत मोती, आणि हातात गोल, खड्यांचं काहीतरी, आहेरासारखं. पण तिला खरी खूण पटली ती हातांची. त्या बायांनी ते गोल ताट उघड्या हातांत धरलेलं नव्हतं, ओढणीचा पदर हातांवर घेऊन त्यावर धरलेलं होतं. ओटी घेताना बाई हात पुढे करत नाही, पदर पुढे करते. दूरदेशी कुठेतरी हे कळणाऱ्या बाया आहेत, याचं आईला फार अप्रूप वाटलं. तेव्हापासून महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आमच्या घरी ज्या ज्या सवाष्णींना कुंकू लागायचं, त्यांत या पाचजणी असायच्याच. काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक.

पण एक गोष्ट तिला सलायची. चित्राच्या उजव्या कडेला रांग कापलेली होती. पहिल्या बाईचा हात पुढे आलेला आणि तिथे कागदच संपलेला. म्हणजे या चालल्या कुठं? भाऊ म्हणायचा, शिफ्ट सुटली त्यांची. बाबा म्हणायचे, लगेज बुक करायला चालल्या, माझ्याच खिडकीवर येतील. मी तेव्हा नोकरीला नवीन लागले होते आणि सगळंच मला कळतं अशा तोऱ्यात होते, म्हणून मी म्हणायचे की कुठल्यातरी राणीच्या दरबारात. आईला कोणाचंच पटायचं नाही. "लग्नाले असत्या तं हसल्या असत्या," ती म्हणायची. "बाजारात असत्या तं बोलत असत्या. या गुपचूप चालल्या. काहीतरी नाजूक काम आहे." दुपारी भांडी घासून झाल्यावर पदराला हात पुसत ती कधी कधी त्या चित्रापुढे उभी राहायची, शेजारीण आपल्याला न सांगता कुठं निघाली ते दारातून पाहावं तशी.

मग बाबा गेले. आई तेव्हा माझ्या आजच्या वयाहून बरीच लहान होती.

त्या वर्षीच्या महालक्ष्म्यांना आईनं स्वयंपाक सगळा स्वतः केला. सोळा भाज्या निवडल्या, आंबील केली, पुरण वाटलं. पण हळदीकुंकवाचा करंडा तिनं वहिनीच्या हाती दिला. बाहेरच्या बायकांसाठी दिला हे मी समजू शकत होते, पटत नव्हतं तरी. पण देवघरापुढे उभी राहून ती त्या कागदाच्या बायांकडेही गेली नाही. वहिनीला म्हणाली, "त्याइलेही तूच लाव. माझा हात नको." वहिनी नवी होती, घाबरत घाबरत तिनं काचेवर पाच ठिपके लावले. त्यानंतर दरवर्षी तेच. चित्र पुसायची आईच, कोपऱ्यातली धूळ काडीनं काढायची तीच. कुंकू मात्र वहिनी.

आणि बोलावणी थांबली. कोणी भांडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. संक्रांतीला पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोट्टी दारात येऊन ओरडायची, "भाभी को भेजना, हळदीकुंकू है," आणि आई आतून म्हणायची, "हव, पाठवतो." आमच्याच घरी हळदीकुंकू असलं की तिळाचे लाडू ती वळायची, वाण ती निवडायची, आणि बायका यायच्या वेळेला मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसायची. आलेल्या बायकांच्या साड्या कशा होत्या, कोण जाड झाली, कोणाची सून सोबत आली, हे नंतर वहिनीला खोदून खोदून विचारायची. मी चिडायचे. मी म्हणायचे, चल ना बाहेर, कोण काय म्हणतं ते पाहू. ती म्हणायची, "मले कुठं जायचं आहे?" असं म्हणायची की जणू खरंच तिला कुठं जायचं नव्हतं.

माझ्या मुलीचं बारसं तिच्याच घरी झालं. पाळण्याची झालर तिनं शिवली, घुगऱ्या तिनं शिजवल्या. पण बाळाला पाळण्यात घालायची वेळ आली तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारामागे. मी ओल्या बाळंतिणीची उठून तिला बोलवायला गेले. ती म्हणाली, "जा तू. ऐकू येते मले इथून." माझ्या मुलीचं नाव तिनं दारामागून ऐकलं. नंतर सगळ्या गेल्यावर ती पाळण्यापाशी आली आणि बाळाच्या कानात तेच नाव पुन्हा हळूच म्हणाली.

ती मुलगी आता बोलोन्याला नोकरी करते. मराठी तिला सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. रायपूरच्या मराठी घरांची ही पिढीच तशी. मी मराठीत ओरडते, ती हिंदीत उलटून बोलते, आणि आमचं भांडण कुठेही अडत नाही. एकदा ती नानीशी व्हिडिओवर बोलत असताना नानीच्या डोक्यामागे ते चित्र दिसलं. लहानपणापासून पाहिलेलं, पण त्या दिवशी तिच्या डोक्यात काहीतरी खटकलं. तिनं त्याचा फोटो घेऊन शोधाशोध केली आणि दुसऱ्या दिवशी ओरडतच फोन केला, "नानी, ये तो यहीं हैं! राव्हेन्ना में. मेरे यहाँ से ट्रेन जाती है."

ते एक फार जुनं चर्च निघालं, दीड हजार वर्षांपूर्वीचं, आणि त्या बाया रंगवलेल्या नव्हत्या, काचेच्या नि सोन्याच्या बारीक तुकड्यांनी भिंतीत बसवलेल्या होत्या. मुलगी पुढचंही सांगायला निघाली होती. आईनं तिला थांबवलं. एका डोळ्यानं तिला आता दिसत नाही, काचबिंदूनं गेला, आणि दुसऱ्याचंही डॉक्टर काही बरं बोलत नाहीत. ती म्हणाली, "फोनमंदलं नको सांगू. तुयी आई येऊन राहिली ना? तिले घेऊन जा. तिनं डोळ्यानं पाहून मले सांगाव." इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं सटकन कोणाच्या बोटाखालून निघावं, हे तिला नको होतं. मलाही नको होतं.

माझे यजमान गेल्यापासून मुलगी मला बोलावत होती. मी नोकरीतून निवृत्त झाले आणि सबबी संपल्या. म्हणून या वसंतात गेले.

राव्हेन्ना हे लहान, सपाट, सायकलींचं गाव आहे. ते चर्च बाहेरून पाहिलं आणि माझा हिरमोडच झाला. साध्या विटांची लांबट इमारत, गुढियारीच्या मालगोदामासारखी, बाजूला एक गोल मनोरा. मी दारात चपला काढायला वाकले, मुलीनं दंडाला धरून सरळ केलं. "मम्मी, यहाँ नहीं निकालते." चपलांसकट आत जाताना मला कसंसंच झालं.

आत गेले आणि मान वर केली. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, आणि खांबांच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सोनं. डाव्या हाताला त्या होत्या.

मी आजवर त्यांना पाच समजत होते. पाचच म्हणून मोठी झाले, पाचच ठिपके काचेवर पाहिले. इथे तर ती रांग संपतच नव्हती. एकीमागे एक, दोघींच्या मधे एक एक खजुराचं झाड, प्रत्येकीच्या हातांवर पदर, पदरावर ते खड्यांचं गोल. ते ताट नव्हतं, मुकुट होते, मुलीनं सांगितलं. आमच्या पाचजणी मला मधोमध सापडल्या. त्यांतली एक किंचित मागे वळल्यासारखी दिसते, तिच्यावरून ओळखलं. आणि मला, खरं सांगते, राग आला. इतक्याजणी होत्या इथे, एकमेकींच्या सोबतीनं, आणि आमच्याकडे आई एकटी उभी राहायची त्यांच्यापुढे.

त्या कुठं चालल्या ते पाहायला फक्त मान उजवीकडे न्यायची होती. ती मला नेववेना. मी खांबाजवळच्या बाकावर बसले. मुलगी म्हणाली, "क्या हुआ, चक्कर आ रहा है?" चक्कर नव्हती. एकदा मी पाहिलं की आईचा प्रश्न संपणार होता. त्या घरात बाबा गेले, मी लग्न होऊन गेले, नात परदेशी गेली, तिचा डोळा गेला, आणि हा एक प्रश्न तेवढा तिच्यापाशी रोज सकाळी असायचा. पुढे काही बरं नसलं तर? असंच कुठलंतरी सिंहासन, कुठलातरी राजा असला तर मी तिला काय सांगायचं होतं?

म्हणून आधी मी समोरची भिंत पाहून घेतली. तिथे पुरुषांची रांग, पांढरे कपडे, सगळे सारखे गंभीर, ऑफिसच्या मीटिंगला निघालेले. त्या भिंतीच्या दाराकडच्या टोकाला एक राजवाडा आहे, खांबांच्या मधे पडदे सोडलेला. मुलीनं बोट दाखवलं. पडद्यांच्या जागी पूर्वी माणसं होती म्हणे. राज्य बदललं, नव्या लोकांनी ती काढून टाकली आणि तिथे पडदे बसवले. पण काहींचे हात खांबावर आलेले होते, ते काढायचे राहिले. खांबावर एक पंजा आहे, माणूस नाही. मी तो हात बराच वेळ पाहत राहिले. मग उठले आणि उजवीकडे पाहिलं.

रांगेच्या पुढे तीन पुरुष होते, तंग रंगीबेरंगी विजारी घातलेले, वाकून काहीतरी देणारे, आणि त्यांच्यापुढे पंखवाल्या चार देवदूतांच्या मधे एक बाई बसलेली. तिच्या मांडीवर बाळ.

मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम, आणि कोणी पाहतं का याची मी पर्वा केली नाही. आई बरोबर होती. काम नाजूकच होतं. लग्न नाही, बाजार नाही, दरबार नाही. त्या बाळ पाहायला निघाल्या होत्या. मी मुलीला म्हटलं, लाव नानीला फोन.

रायपूरला दुपार होती. वहिनीनं फोन आईच्या तोंडाजवळ धरला, इतका जवळ की पडद्यावर आईचा एकच डोळा आणि नाकाचा शेंडा. आई ऐकायला कमी येतं म्हणून मोठ्यानं बोलते. "काय व, पोचल्या का?" हे वाक्य त्या सोन्याच्या भिंतींवर आपटून परत आलं. दाराशी बसलेल्या बाईनं ओठांवर बोट ठेवलं. मी आवाज कमी केला, फोन छातीशी धरला आणि सांगितलं.

"आई, त्या बाळ पाह्याले चालल्या."

ती म्हणाली, "तरीच. बाळ निजलं असन, म्हून गुपचूप चालल्या." मग, "पोट्टा का पोट्टी?"

"पोट्टा."

"बाळंतीण कशी आहे?"

मी वर पाहिलं. "बरी आहे. बसली आहे."

मुलीनं फोन घेतला आणि हळूहळू फिरवत सगळी रांग नानीला दाखवली, पहिलीपासून शेवटचीपर्यंत. आईला किती दिसलं कोण जाणे. सोनं दिसलं असेल. ती म्हणत होती, "बापा बापा, केवढ्या हायेत. पाह्य, पाह्य, साऱ्याइनं पदर घेतला." वहिनीला ती म्हणाली, आज काचेवर कुंकू लाव, चांगली बातमी आहे. मग तिनं विचारलं, "साऱ्या सवाष्णीच ना?"

मी हो म्हणणार होते. माझ्या तोंडावर आलं होतं. पण मुलीनं दारातला फलक वाचला होता आणि फोनवरही वाचून काढलं होतं, आणि नानीला खरं सांगायचं एवढंच तिला ठाऊक. ती म्हणाली, "नहीं नानी. ये तो संत हैं. सवाष्णी नहीं, कुँवारियों की कतार लिखा है."

मी तिचा दंड दाबला. तिला कळलं नाही का दाबला ते.

"एकीलेही नवरा नाही?"

"दो के बच्चे थे, लिखा है. पर यहाँ दीवार पर पति का कहीं नाम नहीं, नानी. एक का भी नहीं."

पडद्यावर आई हलली, तिनं वहिनीच्या हातून फोन स्वतःच्या हातात घेतला होता आणि आता तिचा पूर्ण चेहरा दिसत होता. दिसणाऱ्या डोळ्यानं ती आमच्याकडे पाहत होती.

"आन् तरी बाळाजवळ जाऊन राहिल्या," ती म्हणाली.

"हाँ नानी."

"कोणी अडवलं नाही."

"नहीं नानी. किसी ने नहीं."

मग आईनं मला विचारलं, मुलीला नाही, मला. आवाज मोठा नव्हता, तिच्या नेहमीच्या आवाजाहून कितीतरी लहान होता, आणि त्यात राग नव्हता. एखादी गोष्ट खरंच माहीत नसली की माणूस विचारतं तसं तिनं विचारलं.

"मंग मले काहून नाही बलावलं व कोणी?"

ती उत्तरासाठी थांबली होती. मुलगी माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी "आई" म्हणाले आणि फोन मुलीच्या हातून माझ्या हातात घेतला. यजमान गेल्यापासून मलाही कोणी बोलावलेलं नव्हतं, आणि मी सगळ्यांना सांगत आले होते की मला असल्या ठिकाणी जायला मुळात आवडतच नाही.